शेवटच्या बॅचचं स्थिरचित्र

हिंगणघाटच्या एका लहानशा चित्रकला महाविद्यालयात मी भावी कलाशिक्षकांना शिकवायचे. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे दोन खोल्या आणि एक हॉल, एवढंच आमचं कॉलेज. मुलं येईनाशी झाली तसं संस्थेनं नवे प्रवेश थांबवले. शेवटच्या वर्षाची बॅच तेवढी उरली. तिची परीक्षा झाली की तिथे नर्सिंगचा कोर्स सुरू व्हायचा होता. मला संस्थेच्याच शाळेत घेऊ, असा शब्द सचिवांनी दिला होता. सचिव म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव, माझ्याहून वयानं लहान, बोलायला फार गोड.

परीक्षा व्हायची होती तरी त्यांनी नर्सिंगच्या कामासाठी ठेकेदार आणला. हॉलच्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकलं गेलं. मी हरकत घेतली तर म्हणाले, "मॅडम, लाईट आहे न. पोट्टे का अंधारात चित्र काढनार हायेत?"

स्थिरचित्राच्या दिवशी नागपूरहून परीक्षक बाई आल्या. तांब्याची घागर, कोहळं, दोन वांगी आणि मागे मेंदी रंगाचं लुगडं, अशी मांडणी मी केली. डावीकडून मोठा दिवा सोडला. मुलांमध्ये अल्लीपूरची एक सून होती. आदल्या वर्षी बाळंतपणात तिची परीक्षा बुडालेली. सासऱ्यांनी बजावून ठेवलं होतं, आता हे शेवटचं.

चित्रं अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. मी धावत बाहेर गेले. बोर्डापाशी वायरमन उभा होता.

"सचिव सायबानं सांगतलं, बाई. नवीन वायरिंग टाकून राह्यलो. संध्याकाळलोक लाईट नाई येत."

मी फोन केला. सचिव लगेच आले, पण ऐकेनात. "मॅडम, हे मानसं मोठ्या मुश्किलीनं भेटले. पेपर उद्या घेऊन टाका."

"मुलांनी विषय पाहिलाय. हा पेपर उद्या घेता येत नाही."

"मंग मी काय करू?"

मी आत गेले तेव्हा परीक्षक बाई खुर्चीतून उठल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी थोडा वेळ थांबते. नाहीतर परीक्षा रद्द झाली असं कळवावं लागेल. मुलं पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातून बसतील."

अल्लीपूरच्या मुलीनं ब्रश खाली ठेवला नव्हता. हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मले पुढच्या वर्षी कोनी येऊ देनार नाई."

ती रडली असती तर मी तिची समजूत काढली असती. तिचे कोरडे डोळे मला बघवेनात.

मी शेजारच्या हस्तकलेच्या खोलीतून हातोडी आणि पटाशी आणली. बाहेरच्या बाजूनं, दिवा सोडला होता त्या डावीकडच्या खिडकीशी स्टूल लावलं आणि पटाशी फळीखाली घातली. पहिला खिळा कुरकुरत निघाला.

"मॅडम, हे काय करून राह्यल्या तुमी?" सचिव स्टुलाशी येऊन उभे राहिले. आवाज अजूनही गोडच होता. "शाळेचं तुमचं अजून फायनल नाई झालं, ध्यानात ठेवजा."

माझा हात थांबला. माझ्या नवऱ्याची कंपनी बंद झाल्यापासून घर माझ्या नोकरीवर चालत होतं. आत कुणीतरी खोकलं. मग मी दुसऱ्या खिळ्याखाली पटाशी सारली.

फळी एकदम सुटली. वायरमननं पुढे होऊन ती झेलली, नाहीतर माझ्या पायावरच आली असती. सचिवांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण त्यानं पुढची फळीही धरली.

उजेड आत शिरला. परीक्षक बाई मांडणीपाशी वाकल्या, घागरीची सावली निरखत राहिल्या.

"सावली त्याच बाजूला पडतेय," त्या म्हणाल्या. "चालू द्या. गेलेला वेळ मी वाढवून देते."

मुलांनी माना खाली घातल्या. मी खिडकीबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले, पेपर संपेपर्यंत. सचिव कधी निघून गेले, कळलंही नाही.

बॅच पास झाली, कॉलेजला कुलूप लागलं. शाळेतली जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. पुढचे काही महिने आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांशी जपून बोलायचो. आता मी घरीच चित्रकलेचे वर्ग घेते. बेताचं चाललंय.

अल्लीपूरची ती वडनेरच्या एका शाळेत लागली. मध्यंतरी तिचा फोन आला होता. "मॅडम, माह्या वर्गात पोट्टे लय कल्ला करतेत. तुमी आमाले चूप कशा करत होत्या?"

"मी कुठे चूप करायचे?" मी म्हटलं. "मोठा कागद दे एकेकाला, आणि बस त्यांच्यात जाऊन."