शिवी घालायची भाषा

"पानी नाही गं, पाणी. म्हण. पा-णी."

कमरेला पेजर लावलेला मॅनेजर केबिनमध्ये खुर्चीत रेलून मला शिकवत होता. मी उभी. स्टोअरवाला, अकाउंटवाला, डिस्पॅचवाला बसलेले. मी एवढंच सांगायला गेले होते, "साहेब, बायकांच्या पिंपातलं पानी संपलंय, टँकर मागवा." तर आधी नीट म्हण, मग टँकर. मी म्हटलं. परत म्हणायला लावलं. परत म्हटलं. सगळे खो खो हसले. माझे कान तापले आणि टँकर आला.

वसई पूर्वेच्या आमच्या गाळ्यात प्लॅस्टिकचे डबे बनतात. पॅकिंगला सगळ्या मिठागराकडच्या, खाडीकाठच्या बायका. मीही त्यांच्यातलीच. बारावी झालेली म्हणून मला सुपरवायझर केलं. आईने आळीत पेढे वाटले, पोरगी साहेब झाली म्हणून. कसली साहेब! माल कमी निघाला की वरून बोलणी, कुणाची सुट्टी नाकारली की खालून शिव्या.

त्या दिवसानंतर मी शुद्ध बोलायचा हट्टच धरला. लाइनवरसुद्धा. मी गेले की बायका गप्प. ज्यांच्या हातची सुकी मासळी खाऊन मी मोठी झाले, त्या मला 'मॅडम' म्हणायला लागल्या. मानाने नाही, टोमणा म्हणून. मला राग यायचा. त्यांचा, माझा, सगळ्यांचाच.

मग एक मोठी ऑर्डर आली आणि बायकांनी ओव्हरटाइमला नकार दिला. गावातल्या नळाला संध्याकाळीच पाणी येतं. ते चुकलं की दुसऱ्या दिवशी घरात हंडा रिकामा. हे मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "समजावून कळणारी माणसं नाहीत ती. तू जा, तुमच्या भाषेत झाप. दोन कचकचीत शिव्या घाल. त्याच्यासाठीच तर तुला ठेवलीय."

त्याच्यासाठी. बारावीसाठी नाही. म्हणजे माझी भाषा केबिनमध्ये हसायला, आणि बाहेर माझ्याच माणसांना हाकायला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी लाइनवर गेले. मॅनेजर दारात उभा राहिला, माल बघायला आलेल्या पार्टीला सोबत घेऊन. फुकटचा तमाशा. हिराकाकी, माझ्या आईच्या वयाची, हातातला डबा ठेवून म्हणाली, "घाल गो शिवी. तुलापन पोट हाय, आमाला म्हाईत हाय."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. पण मी मोठ्याने म्हटलं, "काकी, कोनी थांबाचा नाय. घरा जावा सगल्या." मग दाराकडे वळले. "माणसं सांभाळायला ठेवलं असेल तर मी आहे. शिव्या द्यायला दुसरी बघा."

त्यांनी बघितली. दुसऱ्याच दिवशी. आमच्यातलीच एक. ती शिव्या घालते आणि बायका थांबतात. नळ चुकतो. मी परत पॅकिंगच्या टेबलावर. बायकांनी मला डोक्यावर घेतलं असेल असं वाटतंय? छे. "तुज्यामुलं ही आली बोडक्यावर," असं तोंडावर म्हणाल्या. खोटं नाही ते.

म्हणून ती जागा मी परत मागणार आहे. नाकारतील, पुन्हा मागेन. टेबलावर बसून मोठेपणा मिरवण्यात कुणाचंच भलं नाही. या बायकांच्या पुढे कुणीतरी उभं राहणारच आहे. मग मी राहीन. आणि राहीन ती केबिनकडे तोंड करून.