पंधरा दिवसांचं खोटं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच कदाचित जीभ उचलते आहे.

आमचं गाव चामोर्शीजवळ. धानाची शेती. प्रफुल माझा एकुलता मुलगा, तेव्हा बावीस वर्षांचा. बाप असावा तर असा, असं गावात लोक म्हणतात. नागपूरच्या दवाखान्यात आठ महिने मी त्याच्या उशाशी होतो. ओकारीचं भांडं धरलं, संडासला पाठीवर नेलं. ते सगळं खरं आहे. पण त्याच्या आधीचं?

रोवण्याचे दिवस होते. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाहेरगावून आलेल्या बाया ओळीनं धान रोवत होत्या आणि पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या त्यांच्यापर्यंत वाहून न्यायचं काम प्रफुलचं. दुपारी तो कडेच्या धुऱ्यावर, बांधावर बसला. "बाबा, गुडघा बहुत दुखून राह्यला जी."

उन्हाळ्यापासून तो मला हेच सांगत होता; आई घाबरेल म्हणून तिला नाही. आणि मी? सगळ्यांसमोर म्हणालो, "कामाच्या वक्तीच दुखते काय रे तुहा गुडघा? बायाइतकंबी नाई होत तुले?"

बाया हसल्या. तो उठला, लंगडत पुन्हा चिखलात उतरला. त्यानंतर दुखण्याबद्दल तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला बरं वाटलं — पोरगा सुधारला म्हणून. सूज दिसत नव्हती का? दिसत होती. मी दुसरीकडे बघायचो.

धान कापताना तो बांधीतच पडला. चंद्रपूरला गुडघ्याचा फोटो काढला, तिथून नागपूर. हाडाचा कॅन्सर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय? प्रफुल तोंड उघडणार, त्याच्या आत मी बोललो — "पंधरा दिवस झाले जी."

बाईंनी फोटोकडे पाहून मान हलवली. हे कितीतरी महिन्यांचं आहे, म्हणाल्या. मग त्यालाच रागावल्या. शिकलेला मुलगा तू, घरी सांगितलं का नाहीस? लवकर आला असतास तर पाय वाचला असता कदाचित.

त्याची आई रडायला लागली. "काऊन नाई सांगतलं रे बाबू?"

प्रफुलनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? क्षणभरच असेल. मग मान खाली घालून म्हणाला, "मले वाटलं, मोच असन."

तेव्हा बोलायला काय लागत होतं? एक वाक्य. मी हातातल्या फायलीची नाडी बांधत राहिलो — बांधलेली सोडून पुन्हा बांधत.

मांडीपासून पाय काढला. प्रफुल वाचला. आता चामोर्शीत मोबाईल दुरुस्त करतो. दर तीन महिन्यांनी तपासणीला आम्ही दोघं एसटीनं नागपूरला जातो. दर वेळी ठरवतो, आज बोलायचं. एकदा सुरुवातही केली — "प्रफुल, तुले आठवते काय, त्या रोवण्यात..."

"राहू द्या ना, बाबा."

मी राहू दिलं. लगेच. सुटल्यासारखं वाटलं — हेही सांगायलाच हवं.

घरी पाहुणे आले की त्याची आई आजही सांगते, पोरानं दुखणं लपवलं, नाहीतर पाय गेला नसता. प्रफुल ऐकून घेतो. मी तिथंच बसलेला असतो.