अण्णांचं भजन

आंब्याच्या पेटीतून कार्बाइडचा वास आला आणि मी सत्तरच्या दशकातल्या, मंगळवेढ्याजवळच्या त्या भुयारात पोचलो. आम्हा सोलापूरच्या गुहा धुंडाळणाऱ्यांमध्ये शिवप्पाअण्णा सर्वांत जुने. आत हवा कोंदली, कार्बाइडच्या दिव्याची ज्योत मिणमिणू लागली. अण्णा म्हणाले, "तू हो म्होरं. मी मागनं येतो की."

शेवटच्यानं गात यायचं, म्हणजे त्याचा श्वास चालू असल्याचं पुढच्याला कळतं, ही आमची रीत. मी सरपटत उन्हात आलो. आत अण्णांचं कानडी भजन चालू होतं. मग ते थांबलं. मी भुयाराच्या तोंडाशी नुसता बसून राहिलो, परत आत गेलो नाही.

बऱ्याच वेळानं अण्णांचं डोकं दिसलं.

"गाणं का थांबवलंत?"

"कडवं इसरलो बघ," ते हसून म्हणाले.

मीही हसलो. ते भजन अण्णा रोज सकाळी म्हणायचे, हे मला ठाऊक होतं.