पाटलीखालची कातडी

आज संध्याकाळी बायकोच्या हातातली पाटली आपसूक निसटून उशीवर पडली. आजाराने मनगटच उरलेलं नाही. पाटलीच्या जागी गोरी कातडी दिसली, लग्नात होती तशी. बाकीचा हात रापून काळपट झालेला.

"बघा, मी अशी होते," ती म्हणाली.

शाळेत मी मुलांना शिकवायचो, की चंद्रावर काही ठिकाणी खडकांत चुंबकत्व असतं. सूर्याकडून येणाऱ्या कणांचा मारा तिथे अडतो, म्हणून तेवढीच माती उजळ राहते आणि भोवतालची काळवंडत जाते. दुर्बीण घेऊन गच्चीवर जायचो ते हेच उजळ पट्टे बघायला. त्याच गच्चीवर ही दिवसभर उन्हात लोकांचे पापड वाळवायची. माझ्या दुर्बिणीला जागा हवी म्हणून मी यायच्या आत सगळं उचलून ठेवायची.

मी पाटली परत चढवायला गेलो.

"राहू द्या हो. आता कशाला?"

खिडकीत चंद्र आला होता. त्याच्यावरचा एकेक पट्टा मला तोंडपाठ आहे. हिच्या अंगावरचं ऊन चाळीस वर्षांत अडवलं ते या पाटलीने, तेही बोटभर. मला तेवढंही जमलं नाही.