लॉनवरचे गोल चट्टे

आता खोटं कायले सांगू? सत्तरी ओलांडली तरी अक्कल आली नाही, याचा पुरावा माह्या अंगणातच पडला होता!

सूनबाईनं, रंजनानं, घरापुढं लॉन लावलं. मी म्हटलं, "ज्या गवताले ढोर तोंड लावत नाही, ते कायले पोसता?" जनमभर गवत उपटलं, आन आता त्याले पाणी पाजा! पण मे महिन्यात ते पिवळं पडलं. बिचारी रोज पाइप धरून रडकुंडीले आली. मलेही वाईट वाटलं.

चार-आठ दिवसांनी पाहतो त काय! लॉनभर ताटलीएवढे गोल गोल जळके चट्टे!

कुत्र्याच्या मुतानं गवत जळते, हे मी पानठेल्यावर ऐकलतं. मग काय, शेजारचा मोत्याच चोर! त्याचा मालक गणपत, माहा चाळीस वर्षांचा दोस्त. तरी कुंपणावरून ओरडलो, "गणप्या, तुह्या कुत्र्यानं माह्या सुनेचं लॉन जाळलं!"

"अबे, ते म्हातारं कुत्रं दिवसभर कूलरपुढं झोपते. तुह्याकडं कायले येईन?"

"मग चट्टे काय आभाळातून पडले?"

शब्दानं शब्द वाढला. मी सांगून टाकलं, एक त कुत्रं राहीन, नाही त आपली बोलचाल! गणपतचं तोंड उतरलं. मोत्याले कळंबले लेकीकडं पाठवाचं ठरलं. त्याची बायको पदरानं डोळे पुसून राह्यली. मले बी जेवण गोड लागेना. पण माघार? आमच्या खानदानात नाही!

सकाळी दारात ऑटो आला. मोत्याले उचलून आत बसवलं. गणपत म्हणे, "निघाच्या आधी गुन्हा त पाहू दे." लॉनवर उकिडवा बसला आन हातानं मोजाले लागला. एक चट्टा, दुसरा, तिसरा... आन खो खो हासला!

"शाम्या, दर दोन हातावर एक चट्टा. रांगा कशा सरळ! माहा कुत्रा दोरी लावून मुतते काय बे?"

मी हळूच घराकडं वळलो.

रंजना बोलली, "मामाजी, कोठीतली युरिया खताची थैली अर्धी कशी झाली?"

घ्या! करतो कबूल. कपाशीले झाडाच्या बुडाशी मूठ-मूठ खत द्याची जन्माची सवय. लॉनात झाड कुठचं? तरी दोरी लावली आन दर दोन हातावर एक मूठ टाकत गेलतो. तेही मे महिन्याच्या उन्हात! तेच खत गवताले जाळीन, हे टाळक्यात आलंच नाही. कोणाले सांगितलं नव्हतं. हिरवंगार झाल्यावर मिशीवर ताव द्याचा होता ना!

गणपतनं मोत्याले उतरवून ऑटो वापस पाठवला. आता खरं सांगतो, मोत्यापेक्षा माहाच जीव भांड्यात पडला.

"पाणी भरपूर देऊ, फुटीन गवत," रंजना म्हणे. "फक्त तुमी हात लावू नका, मामाजी."

तेवढ्यात मोत्या हालत-डुलत थेट लॉनवर आला, आन सगळ्यांदेखत तंगडी वर केली! सगळे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले.

म्हटलं, "मूत बाप्पा, मूत! तुहा डोज माह्यापेक्षा त कमीच आहे!"