मुशीसाहेबाची मोरी

मुशीसाहेबाने समुद्र पाहिला नव्हता. तरी समुद्रात मुशी वाढते की घटते हे तो चिंचवडात बसून, नाकाला कापराचा रुमाल लावून सांगायचा. त्याला अहो-जाहो लिहायला माझा हात अजूनही वळत नाही.

सन पन्नासनंतरची गोष्ट. आमच्या लहानशा औषधाच्या कारखान्यात मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल काढत. बंदरांवरून पकडलेल्या मासळीच्या नोंदी यायच्या. त्यांवरून पुढे मुशी किती उरेल याचा अंदाज हा बांधायचा. मी त्याचा कारकून, मालवणकडचा. नुकतंच बायकोला गावाहून आणून खोली केली होती. मी माशाचा डबा उघडला की हा खिडक्या उघडायला लावायचा. काही बोलायला गेलो की म्हणायचा, "भावना नकोत, आकडा सांगा."

एकदा त्याने मुशी संपत आल्याचा अहवाल केला. तेलखातं बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. खात्यातला चिखलीचा बबन मला म्हणाला, "समुंद्र तरी बघितलाय का ह्यानं, राव? आमी काय खायचं?"

मी नोंदी काढून बसलो आणि हसावं की डोकं आपटावं कळेना. आमच्याकडे मुशीला मोरी म्हणतात. मालवणच्या नोंदींत सगळीकडे मोरीच होती आणि या घाटावरच्या शहाण्याने ती सगळी खोडली होती. मी विचारलं तर म्हणाला, "बंदरावरच्या मोऱ्या तुंबतात, त्याचा खर्च मी कशाला मोजू?"

मोरी म्हणजे काय ते सांगितल्यावर त्याने खोडलेल्या नोंदी परत धरल्या. आकडे पुन्हा मांडले. पकड पूर्वीइतकीच निघाली. मला वाटलं, जिंकलो.

मग त्याने अगदी सहज विचारलं, "तुमच्याकडच्या होड्या पूर्वी किती लांब जायच्या?"

मी छाती फुगवून म्हणालो, "पूर्वी दुपारी परत यायच्या. आता दोन-दोन दिवस जातात. मेहनती माणसं आहेत आमची."

त्याने रुमाल खाली ठेवला. "म्हणजे चौपट कष्टाला तेवढीच मुशी. घटच आहे. तुम्हीच सांगितलंत."

तेलखातं बंद झालं. बबनची नोकरी गेली, माझीही गेली. भोसरीकडे कुणाच्या तरी गोदामात चिकटलो. निरोपाला मुशीसाहेब हात पुढे करून उभा होता. मी हात दिला नाही, आणि त्याची मला खंत नाही.

पुढच्या खेपेला दादा गावाहून आला. दरवेळी सुकी मोरी आणायचा, या वेळी पिशवीत नुसते बांगडे.

"मोरी खंय?" मी विचारलं.

"गावना नाय रे आता. लांब जावन पण नाय."

तो माणूस बरोबर होता, याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. बायको मोरी घासायला बसली की मी अजूनही उठून बाहेर जातो.