आमची शनिवारची बालसभा

आमच्या बालगृहात किस्से धुण्यासारखे साचतात. सकाळी वाळत घालावेत, तर संध्याकाळी बादलीत नवा ढीग तयार! भवानी पेठेजवळच्या या घरात मी मुलांचा काळजीवाहक आहे. आठवीतच शाळा सुटली, त्यात स्वभाव बुजरा. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, मुलांपुढे मात्र उघडतं. म्हणून किस्सेही माझ्याकडेच जमतात. मुलांची नावं तेवढी बदलली आहेत.

*

आमच्या अधीक्षक मॅडमनी दर शनिवारी मुलांची सभा सुरू केली. नियम एकच. ज्याच्याबद्दल ठरवायचं, त्याला आधी विचारायचं.

पहिल्याच सभेत एकमतानं ठराव झाला, शेपूची भाजी बंद! टाळ्या पडल्या. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"निवडनार मी, शिजवनार मी, आन् मला इचारलं का?"

अकरा वर्षांची गौरी सभेची अध्यक्ष. ती उठून म्हणाली, "मावशी, तुमाला आवडती का शेपू?"

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. "न्हाय की!"

*

कटिंगवाले काका महिन्यातून एकदा येतात. पूर्वी सगळ्या पोरांची एकच स्टाईल होती. मशीन फिरवायचं आणि मोकळं व्हायचं! सभेनं ठरवलं, आता ज्याला त्याला विचारून केस कापायचे.

काकांना हे काही रुचलं नाही. चार वर्षांच्या सोनूला खुर्चीत बसवलं आणि चिडवत म्हणाले, "बोला साहेब, कसे कापू?"

"दुखल्याबिगर."

तेव्हापासून काका मशीनला तेल घालून आणतात.

*

वाढदिवस साजरा करायला पाहुणे येतात. केक, खाऊ आणि फोटो. एकदा एका साहेबांनी आल्या आल्या मुलांना ओळीत उभं केलं आणि मोबाईल काढला. गौरी पुढे झाली.

"काका, आदी इचारायचं आस्तंय."

"बरं बाई, काढू का?"

"काडा. पर मग आमी तुमचा काडनार!"

साहेब हसत तयार झाले. गौरीनं त्यांना भिंतीपाशी उभं केलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला. तिचा पाच वर्षांचा भाऊ बाळू शेजारी उभा राहून हात कसे जोडायचे ते दाखवत होता. साहेब पार अवघडले. गौरी मोबाईलमागून ओरडली, "काका, हसा की! लई गरीब दिसताय!"

*

गौरी आणि बाळू श्रीपूरकडच्या ऊसतोड्यांच्या वस्तीवरून आले. आई गेलेली, वडिलांचा पत्ता नाही. ताई शेजारी नसेल तर बाळू घास गिळत नाही.

यंदा मोडनिंबहून त्यांचे मामा आले. म्हणाले, "पोराला नेतो. पोरगी ऱ्हाऊ द्या हितंच, तिचं बरं चाललंय." मॅडम नको म्हणत होत्या, पण असा निर्णय बाल कल्याण समिती घेते. तारीख मिळाली.

जाताना रिक्षात गौरी भावाला पढवायला लागली. "मला ताईजवळच ऱ्हायचंय, आसं म्हनायचं."

मॅडम म्हणाल्या, "गौरी, त्याचं त्याला बोलू दे."

बाळूनं तिच्याकडे पाहिलं. "मग तू काय म्हननार?"

अध्यक्षबाई रिक्षाबाहेर बघत बसल्या.

*

समितीच्या बाईंनी आधी मामांना बाहेर बसवलं, गौरीलाही. बाळू एकटा आत जाईना, म्हणून मला सोबत येऊ दिलं. बाईंनी त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. बराच वेळ त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या. मग विचारलं, "मामाकडे जायचं का तुला?"

बाळूनं माझं बोट घट्ट धरलं. म्हणाला, "मामा ताईला का न्हाय न्येत?"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मामांना आत बोलावलं. "भाच्याचा प्रश्न आहे. त्यालाच उत्तर द्या."

बाळूनं पुन्हा विचारलं. मामांनी टोपी काढली, हातात फिरवली. एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

बाळू खुर्चीवरून खाली उतरला. मामांचा हात धरून त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं.

"भ्यायचं न्हाय, मामा. हितं खरं बोललं तर कुनी मारत न्हाय."